हू दिला की घरी जायचं

यंदाही तंबू लागले. निळे, नारिंगी, एका ओळीत, आमच्या वाडीच्या खाली धरणाच्या फुगवट्याला अगदी चिकटून. शुक्रवार दुपारपासून राजूरकडून गाड्यांची रांग लागते, आणि चहाच्या वेळेला कुणीतरी माईक हातात घेऊन ‘चेक, चेक, हॅलो’ करतं. तो ‘हॅलो’ समोरच्या कड्यावर जाऊन आपटतो आणि परत फिरून आमच्या ओट्यावर येतो. काल आला तेव्हा आई भाताच्या रोपांच्या जुड्या बांधत बसली होती. तिनं हातातली जुडी बांधून पूर्ण केली, उठली, आत गेली आणि पाण्याकडची खिडकी लावून घेतली. ही खिडकी आमच्याकडं पावसाळ्यात कधी लागतच नव्हती. लाकूड फुगलेलं, तिला खांदा लावून ढकलावं लागलं. मी ओट्यावरून नुसती बघत बसले.

बाकीच्यांना जुलै म्हणजे भंडारदरा, धबधबे, कणसं, भजी. आम्हाला जुलै म्हणजे आवणी, भाताची लावणी. गुडघाभर चिखल, वाकून वाकून दगड झालेली कंबर, पाठीवर प्लास्टिकचा कागद, त्यावर सतत तडतड, आणि संध्याकाळी पाय धुतल्यावर बोटांच्या बेचक्यातली ती पांढरी पडलेली कातडी. आणि मला जुलै म्हणजे कुकारा. थांबा, कुकारा काय ते नीट सांगते, कारण पुण्यातल्या मैत्रिणीला मी सांगितलं तर ती म्हणाली, म्हणजे ओरडणंच ना? अगं नाही. ओरडताना माणूस पुढं वाकतो, नरडं ताणतो. कुकारा देताना ताठ उभं राहायचं, हनुवटी वर, दोन्ही हात तोंडापाशी, आणि पोटातून एक लांब ‘कूऽऽऽ’ सोडून द्यायचा, जसं गोफणीतून दगड सुटतो तसा. तो पाण्यावरून सरकत जातो. शब्द नसतोच त्यात. शब्द एवढ्या लांब टिकत नाहीत, वाटेत विरघळतात.

आता आमचा भूगोल. आई आणि सगुमावशी या दोघी सख्ख्या बहिणी, आणि दोघींना एकाच पाण्याच्या दोन काठांना दिलेलं. उन्हाळ्यात धरण खाली गेलं की मधली दरी उघडी पडते, भेगाळलेला गाळ तुडवत मावशी सरळ चालत आमच्याकडं यायची, पदरात करवंदं घेऊन. पाऊस लागला की पाणी चढायला लागायचं, रोज एकेक दगड गिळत. मग एक दिवस वाट बुडायची आणि दोघी बहिणी तुटायच्या. समोर दिसतंय घर, धूर निघतोय तोही दिसतोय, पण जायचं तर जीपनं शेंडी गावाला, तिथून दुसरी जीप, मग घाट, मग चिखलातून पायपीट. आवणीच्या दिवसांत कुणाला एवढा वेळ? म्हणून कुकारा. पाणी चढल्यापासून उतरेपर्यंत, रोज संध्याकाळी, गुरं आत बांधून झाली की.

त्याची एक रीत होती. आई घराखाली उंबराजवळच्या कातळावर उभी राहायची आणि लांब कुकारा द्यायची. मग थांबायचं. मग पलीकडून मावशीचा लांब कुकारा यायचा. तो ऐकला की आईनं आखूड ‘हू’ द्यायचा. हू म्हणजे पोचलं, ऐकलं, आता घरी जा. हू दिला की दोघींनी मागं फिरायचं. काही अडचण असली तर कुकारा लांब द्यायचाच नाही, तुटक द्यायचा, कू-कू-कू-कू, दम लागेपर्यंत. तसा कुकारा ऐकला की कुणाचाही असो, माणसं हातातलं टाकून निघायची. तुटक कुकाऱ्याला हू दिला तर त्याचा अर्थ वेगळा. त्याचा अर्थ, निघालो.

हे शेवटचं लक्षात ठेवा.

लहानपणी मी आईचं बोट धरून कातळावर उभी असायचे. मला तो कुकारा नुसता कुकारा वाटायचा, पण आई त्यातून सगळं काढायची. घरी परत येताना म्हणायची, “आज तिचा आवाज बसल्याला हाय. भिजली असंल दिवसभर.” किंवा, “आज खूश हाय, मोठं खाचर उरकलं वाटतं.” आणि उन्हाळ्यात भेटल्यावर विचारलं की खरंच तसंच निघायचं. एकदा आई म्हणाली, आज चिडलीय कुणावर तरी. पुढं कळलं, मावशीच्या कोंबड्या मुंगसानं नेल्या होत्या. एका ‘कू’मध्ये मुंगूससुद्धा! मला अजून ते कळलेलं नाही.

मावशी एकटीच राहायची. तिचे यजमान मी शाळेत जायच्या आधीच गेले. एकुलती मुलगी सुनीताताई लग्न होऊन संगमनेरला. मावशीचं घर वाडीपासून सुटं, अगदी खाली पाण्याजवळ, बाकीची घरं टेकाडामागं. सुनीताताई दरवर्षी म्हणायची, ये माझ्याकडं राहायला, आणि मावशी दरवर्षी म्हणायची की भात कोण लावंल, तुझी सासू?

आता देवमासे. हसू नका. देवमाशांचा आणि अकोले तालुक्याचा संबंध आहे, निदान माझ्यापुरता आहे. बीएस्सी झाल्यावर कॉलेजातल्या मॅडमच्या ओळखीनं मला एक काम मिळालं, घरबसल्या. कोकणच्या समुद्रात पाण्याखाली माईक सोडून ठेवलेले, त्यांनी हिवाळाभर टिपलेल्या आवाजांच्या फायली माझ्याकडं यायच्या, आणि मी हेडफोन लावून ऐकायचं आणि खुणा करायच्या. इथं बोट आहे, इथं जहाज, इथं कोळंबी कटकटतेय, इथं देवमासा. समुद्र मी तोवर एकदाच बघितला होता, शाळेच्या सहलीत, तोही ओहोटीचा. आणि पावसाळ्यात, आमच्या ओट्यावर, समोर आवणी चाललेली, मी त्या समुद्राच्या पोटात कान घालून बसलेली. हेडफोन काढला की चिखल, घातला की समुद्र.

मला वाटलेलं पाण्याखाली शांत असेल. निळं, गार, गप्प. कसलं काय! नुसती घरघर. गळिताच्या हंगामात साखर कारखान्याच्या भिंतीला लागून कधी झोपलाय का? मी झोपलेय, कोपरगावकडं एका नातेवाइकांकडं. तसं. जहाजाचा पंखा पाणी कापतो तेव्हा पाण्यात बुडबुडे होतात आणि फुटतात, सतत, लाखांनी, आणि त्या फुटण्याचा आवाज होतो. जहाज दिसेनासं झालं तरी घरघर पोचत राहते, कारण पाण्यात आवाज हवेपेक्षा कितीतरी जोरात पळतो आणि कितीतरी लांब जातो. यातली वाईट गंमत अशी की मोठ्या देवमाशांचा आवाजही तेवढाच खर्जातला, त्याच पट्टीतला. म्हणजे जहाज बरोब्बर त्यांच्याच आवाजावर येऊन बसतं.

आणि त्या जिवांना दुसरं आहे काय? खाली अंधार, गढूळ. डोळ्यांना चार हातांपलीकडं दिसत नाही. पिल्लू कुठंय, सोबती कुठंय, खायला कुठं मिळेल, सगळं कानानं. देवमाशाची आई लहान पिल्लाशी अगदी हळू बोलते म्हणे, कुजबुजल्यासारखी, लांबच्या शिकाऱ्याला कळू नये म्हणून. त्या कुजबुजीवरून एक जहाज गेलं तर काय उरतं?

मी दिवसच्या दिवस जहाजंच ऐकली. आणि मग एकदा सापडला! आधी वाटलं कुठलं तरी बिजागर करकरतंय, मग गाय हंबरल्यासारखं, मग तेच वर चढत गेलं, थांबलं, पुन्हा खाली. मी ओट्यावरून उडी मारून तशीच खाचरात पळाले, लॅपटॉप कुठंतरी ठेवून, मग आठवलं लॅपटॉप तर पाहिजे, परत पळाले, आईला चिखलातून ओढत आणलं, तिचे हात बरबटलेले म्हणून मीच तिच्या कानाला हेडफोन लावला. तिनं डोळे मिटून ऐकलं. बराच वेळ.

“कुनाला बोलावतोय त्यो?” आईनं विचारलं.

मी म्हटलं, दुसऱ्या देवमाशाला असेल.

“मंग दुसरा बोलला का?”

मी सांगितलं की पुढं जहाज आलंय, काही कळत नाही. आईनं मानेनंच हेडफोन झटकला आणि म्हणाली, “त्यान्ला बी तंबू लागलं म्हन की.” आणि गेली परत आवणीला.

तिनं ते हसत म्हटलं होतं. तेव्हा हसता येत होतं.

आमच्याकडं आधी एकच तंबूवाला होता, काही वर्षांपूर्वी. मग दोन झाले, मग ज्याचा त्याचा माळ पाण्याकडं होता त्या प्रत्येकानं दिला. अण्णांनीही दिला. अण्णा म्हणजे माझे वडील. तो खालचा उतार, तिथं नुसतं गवत व्हायचं, त्याचं भाडं मिळायला लागलं. खोटं कशाला बोलू, ज्या लॅपटॉपवर मी देवमासे ऐकते तो त्याच भाड्यातून आलाय. तंबूंसाठी जनरेटर आला, जनरेटरमुळं स्पीकर, लोक आले म्हणून टॉवर, टॉवरमुळं रेंज, रेंजमुळं माझं काम. सगळं एकाच दोरीला बांधलेलं, कुठलं सोडायचं म्हणता?

आणि बहिणी काय करत होत्या? मी फायलींबरोबर आलेली माहिती वाचायचे, गोंगाटात देवमासे काय काय करतात त्याची, आणि मान वर करून कातळाकडं बघायचे. देवमासे आधी आवाज मोठा करतात. आईनं केला. इतका की घरी आल्यावर तिला पाणी गिळता यायचं नाही, ज्येष्ठमधाची काडी चघळत बसायची. मग ते पट्टी बदलतात, वरच्या सुरात जातात, जिथं घरघर थोडी कमी असते तिथं. यांनीही बदलली. पोटातला तो लांब, गोल कुकारा गेला आणि डोक्यातून काढलेला बारीक, टोकदार आवाज आला, टिटवीसारखा. तो पोचायचा. पण त्यात मावशी नव्हती. सर्दी नाही, खुशी नाही, मुंगूस नाही. नुसतं ‘मी आहे’ एवढंच उरलं, आणि ते कुणीही म्हणावं.

आई एकदा येता येता म्हणाली, “आता तिचा आवाज मला वळखू येत न्हाई. आला एवढं कळतं.”

मग मध्ये मोबाईल येऊन गेला. सुनीताताईनं मावशीला दिला. काय सांगू, विनोदच. आई मोबाईलवरही हनुवटी वर करून बोलायची. जेवलीस का, जेवले, तू, मी बी जेवले, पाऊस हाय का, हाय की, तुझ्याकडं, हितं बी हाय. मग दोघी गप्प. एकाच पावसाबद्दल दोन काठांनी किती बोलायचं? कुकाऱ्याला विषय लागत नव्हता, मोबाईलला लागतो. महिन्याभरात तो मावशीच्या खुंटीवर प्लास्टिकच्या पिशवीत जाऊन बसला. भिजू नये म्हणून. शेतात ती तो कधीच न्यायची नाही.

पुढची पायरी म्हणजे देवमासे बोलायचं कमी करतात. यांनी रोजचा कुकारा दिवसाआड केला, मग शनिवार-रविवार सोडायला लागल्या, कारण शनिवार-रविवार अशक्य. सगळ्यात शेवटी देवमासे ती जागाच सोडून जातात. आपल्या समुद्रातल्या एका जातीला तेही जमत नाही म्हणे. बाकीकडचे तिचे भाऊबंद थंडीत इकडं, उन्हाळ्यात तिकडं, हजारो मैल फिरतात. हे कुठं जातच नाहीत. जन्म इथं, खाणं इथं, पिल्लं इथं. यांना दुसरा समुद्र नाही. हे वाचलं तेव्हा मला उगाचच मावशीचं ते ‘भात कोण लावंल’ आठवलं होतं.

आणि मग पर्यटकांना कुकारा सापडला.

ती पोरं वाईट नव्हती, हे मी मुद्दाम लिहितेय. पुण्याची, नाशिकची, नोकरीला लागलेली, दोन दिवस मोकळी झालेली. शुक्रवारी संध्याकाळी आई कातळावर उभी राहून कुकारा देतेय हे त्यांना भारी वाटलं, मलाही वाटलंच असतं. ती व्हिडिओ काढायची. मग ती स्वतः देऊन बघायला लागली. आधी कोल्ह्यासारखं यायचं, सगळे हसायचे. मग त्यांच्यातल्या एकाला जमायला लागलं. आणि जमणार का नाही? बारीक, टोकदार, वरच्या पट्टीतला कुकारा. तो तर कुणालाही जमतो.

मागच्या आवणीतला तो शनिवार. दुपारभर पावसानं झोडपलं होतं, संध्याकाळी जरा थांबला. आई म्हणाली बरेच दिवस झाले, आज देऊन बघू. मी बरोबर गेले. खाली जनरेटरची घरघर, गाणं लागलेलं, ढोलाचे ठोके छातीत बसत होते. आई ताठ उभी राहिली आणि तिनं कुकारा दिला. वरच्या पट्टीतला. थांबलो आम्ही. गाण्याच्या दोन ठोक्यांच्या मधून काहीतरी आल्यासारखं वाटलं, आणि लगेच त्याच्यावर, स्वच्छ, समोरच्या बाजूनं, एक लांब कुकारा आला.

आईचा चेहरा असा खुलला! मला म्हणाली, “लांब दिला बघ. ठीक हाय.” मलाही तो मावशीचाच वाटला. आईनं हू दिला. आणि हू दिला की घरी जायचं असतं, म्हणून आम्ही घरी आलो. आईनं त्या दिवशी गुणगुणत भाकरी केल्या.

सकाळी पलीकडचा भिवा म्हशी सोडायला निघाला तेव्हा त्याला मावशी दिसली. खाचराचा बांध फुटला होता म्हणून ती आदल्या संध्याकाळी एकटीच दगड लावायला गेली होती. दगड निसटला, ती खालच्या खाचरात पडली, मांडीचं हाड मोडलं. रात्रभर पावसात, चिखलात. भिवाचा फोन आला अण्णांना. आई घरातून निघाली ती अनवाणीच.

जीप मिळते ती तंबूंच्या वरच्या फाट्यावर, चहाच्या टपरीपाशी. रविवार, घाटात गाड्या अडकलेल्या, जीप येईना. आई येरझारा घालत होती. टपरीवर तीन-चार पोरं चहा पीत होती, त्यातला एक चष्मेवाला आईला बघून हसत पुढं आला. अगदी अदबीनं.

“काकू, काल तुम्हीच आवाज देत होता ना? आम्ही पण उत्तर दिलं तुम्हाला. ते खाली टोकाला बसलो होतो ना, तिथून. समोरच्या डोंगरावरून काय घुमला!”

आईनं त्याच्याकडं बघितलं. “कवा?”

“तुम्ही दिला ना, लगेच. तुम्ही परत हू पण केलंत. आज पण द्या ना, कालचा व्हिडिओ नीट आला नाही.”

आई टपरीच्या बाकड्यावर बसली. दोन्ही हातांनी बाकड्याची कड धरून ठेवली. त्या पोरानं घाबरून पाण्याचा ग्लास पुढं केला, काकू बरं वाटत नाहीये का, म्हणून विचारायला लागला. मला त्याला काहीतरी भयंकर बोलायचं होतं. काय बोलणार होते? की तू उत्तर का दिलंस?

मावशीला आधी राजूरला, मग संगमनेरला नेलं. हाडात सळई घातली, छातीत कफ झाला, त्यातून वाचली. वाचली, हे सगळे फार जोरात सांगतात. लंगडत का होईना, वॉकर धरून चालते. पण उताराला, बांधावर, चिखलात ती आता कधीच उभी राहणार नाही. पलीकडचं घर बंद आहे. सुनीताताईनं कौलांवर निळा ताडपत्रीचा कागद टाकलाय, आमच्याकडून तो तंबूसारखाच दिसतो.

ग्रामसभेत विषय निघाला. आवाज कमी ठेवा, असं कुणीतरी म्हणालं. लगेच दुसरा म्हणाला की बाई पडली दगडावरून, तिला काय स्पीकरनं ढकललं? तिसरा म्हणाला, दोन महिने तर धंदा, तेवढ्यात बी आडवं जाता. आणि यातलं काही खोटं नव्हतं, हीच तर चीड. कुणीच काही केलेलं नाही. समुद्रातही कुणी काही केलेलं नसतं. प्रत्येक जहाज आपापल्या वाटेनं आपापला माल घेऊन चाललेलं असतं, आणि त्या मालात माझा हेडफोनही असतो. देवमाशाला कुणी मारत नाही. त्याचं उत्तर तेवढं पोचत नाही.

अण्णांनी काय केलं सांगू? अण्णांनी तंबूवाल्याला सांगून स्पीकरचं तोंड फिरवून घेतलं. पाण्याकडं होतं ते वाडीकडं केलं. आईला म्हणाले, “घे. आता पलीकडं जात न्हाई आवाज.”

पलीकडं आता आहे कोण?

दिवाळीनंतर आई आणि मी संगमनेरला गेलो. सुनीताताईचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, खाली नाशिक-पुणे हायवे. मावशीची खुर्ची गॅलरीच्या दाराशी. ती इतकी हळू बोलायला लागलीय की जवळ सरकून बसावं लागतं. आई तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली. मावशीनं माझ्या लग्नाची चौकशी केली, मला टोमणा मारला की मासे ऐकतीस त्यापरीस एखादा पोरगा बघ. हसलो. सुनीताताई चहा करायला आत गेली. मग मावशी एकदम म्हणाली,

“त्या दिशी तुझा कुकारा मला चांगला ऐकू आला गं.”

आई आणखी जवळ सरकली.

“मी चिखलात उताणी. म्हनलं देवच पावला. तुटक दिला तुला मी. जीव गोळा करून दिला. आन् तू हू दिलास.” मावशीनं आईच्या हातावर हात ठेवला. “म्हनलं, कळलं हिला. निघाली आता. मंग मी वरडायची थांबले. उगा कशाला दम घालवा. गप पडून ऱ्हायले तुझी वाट बघत.”

खालून एक ट्रेलर गेला. गॅलरीची काच थरथरली. तो जाईपर्यंत मावशी थांबली, आणि मग बहिणीला सांभाळून घ्यावं तशी म्हणाली, “न्हाई मिळाली असंल गाडी तुला. एवढ्या पावसात कोन येतंय.”

मी आईकडं बघत होते. मला वाटलं आता ती सांगेल. दोन ठोक्यांच्या मधून जे काहीतरी आलं होतं ते आम्ही दोघींनी ऐकलं होतं. आईनं मावशीच्या पदराचं टोक सारखं केलं.

“व्हय,” आई म्हणाली. “गाडीच न्हाई मिळाली.”

परत येताना एसटीत मी संगमनेरपासून राजूरपर्यंत हेडफोन लावला नाही. ते काम मी अजून करते. जहाजं ऐकते, खुणा करते. कधीतरी घरघरीच्या आत काहीतरी हलल्यासारखं वाटतं, मी मागं नेते, पुन्हा ऐकते, पुन्हा. पूर्वी अशा जागी मी ‘जहाज’ म्हणून पुढं जायचे. आता जात नाही. एका फायलीला फार वेळ लागतो म्हणून मॅडम ओरडतात.

यंदा पाणी पुन्हा चढलंय. उन्हाळ्यातली वाट बुडाली. आई कातळावर जात नाही, म्हणून पोरं जातात, तिथून फोटो चांगला येतो. हा काल आलेला गट नवा आहे, यांना कुकारा कुणी शिकवला कुणास ठाऊक, बहुतेक मागच्या वर्षीच्या व्हिडिओनं. आत्ता मी हे टाइप करतेय तर खाली दोघं-तिघं एकमेकांना देतायत. बारीक, टोकदार, बरोब्बर तसाच.

खिडकी लावलेली आहे, तरी येतो. आई चुलीपुढं भाकरी थापतेय. तिला माहीत आहे हे कोण आहेत. तिला माहीत आहे पलीकडं घर बंद आहे. तरी दर कुकाऱ्याला तिचा हात परातीवर थांबतो, आणि ती पुढचा यायची वाट बघते, तो लांब आहे की तुटक, ते कळेपर्यंत.